भंडारा : पितळ, पाणी आणि सावली

नागपूरहून राष्ट्रीय महामार्गाने पूर्वेकडे सुमारे ६० किलोमीटर गेले, की वैनगंगेच्या काठी वसलेले भंडारा शहर लागते. भाताची शेती, जुने मालगुजारी तलाव, कोसा रेशीम आणि पितळेची भांडी ही या जिल्ह्याची परंपरागत ओळख. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तरी ही ओळख कायम राहिली. 'पितळेचे शहर' असा भंडाऱ्याचा लौकिक. घंगाळ, गुंड, परात, तांब्या, समई अशी भांडी घडवणाऱ्यांच्या ठोक्यांचा नाद हाच एकेकाळी या गावाच्या व्यापाराचा नाद होता.

स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम आले आणि पितळ रोजच्या स्वयंपाकातून देवघरात व शोकेसमध्ये गेले. भांडे मागे पडले, तेव्हा त्याच्यासोबत एक ज्ञानही मागे पडले. भांड्यावर टिचकी मारून धातू ओळखणे, हातात तोलून भरीव की पोकळ ते सांगणे, कल्हईची वेळ नुसत्या नजरेने जाणणे, हे जुन्या पिढीला सहज येत असे. आजच्या दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आकडा दाखवतो आणि तो वाचला जातो. शाळेत आर्किमिडीजच्या तत्त्वाची व्याख्या पाठ होते आणि ती उत्तरपत्रिकेत लिहिली जाते. या दोहोंच्या मधले, हाताने करून पाहण्याचे, जे काही होते ते मात्र नाहीसे होत चालले आहे. व्यापारी घरातील मुलाला भाव लवकर कळतो. माप कळतेच असे नाही.

जैन घरासाठी हा प्रश्न केवळ परीक्षेच्या गुणांचा नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील दोन थेट दुकानाच्या गादीशी संबंधित आहेत. पहिला हीनाधिकमानोन्मान, म्हणजे देण्याचे माप कमी आणि घेण्याचे माप अधिक ठेवणे. दुसरा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सल वस्तूच्या नावाखाली नक्कल विकणे. माप खरे आहे का, आणि वस्तू खरी आहे का, हे ते दोन प्रश्न. भौतिकशास्त्राचा आरंभही नेमका याच दोन प्रश्नांपासून होतो. म्हणून भंडाऱ्याची भांडेबाजारपेठ, तेथील पाणी आणि तेथील ऊन ही कोणत्याही महागड्या साहित्याविना उघडलेली एक प्रयोगशाळाच आहे.

तराजूची परीक्षा

प्रयोगाचा प्रारंभ तराजू बनवण्यापासून करावा. लाकडी फूटपट्टीच्या मध्यभागी छिद्र पाडून दोऱ्याने ती टांगावी आणि दोन्ही टोकांना सारख्या दोन वाट्या सारख्या दोऱ्यांनी बांधाव्यात. वजने विकत आणण्याची गरज नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी १० मिलीलीटरची सिरिंज पुरेशी आहे, कारण एक मिलीलीटर पाण्याचे वजन एक ग्रॅम भरते. सिरिंजने वाटीत पाणी सोडत गेले, की दहा, वीस, तीस ग्रॅमची वजने घरीच तयार होतात.

आता या तराजूची परीक्षा. एखादी वस्तू डाव्या पारड्यात ठेवून तोलावी आणि नंतर तीच उजव्या पारड्यात ठेवून तोलावी. दोन्ही वेळा आकडा सारखा आला, तर तराजू प्रामाणिक आहे. एकदा ९८ आणि एकदा १०२ ग्रॅम आला, तर दांडीच्या दोन भुजा सारख्या नाहीत आणि वस्तूचे खरे वजन या दोन्हींच्या मध्ये, १०० ग्रॅमच्या जवळ, आहे. मग मुलाने मुद्दाम छिद्र दोन मिलिमीटर बाजूला पाडून पाहावे. रिकामी पारडी पट्टीच्या टोकावर मातीची गोळी लावून समतोल केली, की तराजू पाहणाऱ्याला निर्दोष वाटतो. पण पारडी अदलाबदल करताच लबाडी उघड होते. दुकानातील काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाची मोहर का लागते, हे ज्याने स्वतः खोटा तराजू बनवून पाहिला, त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

पितळेची परीक्षा

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्याची घनता त्यातील जस्ताच्या प्रमाणानुसार साधारण ८.४ ते ८.७ असते, म्हणजे ते सारख्या आकारमानाच्या पाण्यापेक्षा साडेआठ पट जड असते. तांब्याची घनता ८.९६, लोखंडाची ७.८७, जस्ताची ७.१४ आणि अ‍ॅल्युमिनियमची २.७. एवढे आकडे वहीत लिहून घेतले, की काही शे रुपयांना मिळणारा स्वयंपाकघरातील काटा धातूचा परीक्षक होतो.

खलबत्त्याचा भरीव पितळी बत्ता घ्यावा. समजा, तो ५१० ग्रॅम भरला. काट्यावर पाण्याने भरलेले पातेले ठेवून काटा शून्यावर आणावा. बत्ता दोऱ्याने हातात धरून पाण्यात पूर्ण बुडवावा, मात्र तो तळाला वा कडेला टेकता कामा नये. काटा आता जो आकडा दाखवील, तो बत्त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन होय. तो ६० ग्रॅम आला, तर ५१० भागिले ६० म्हणजे साडेआठ. वस्तू पितळेची आहे. वरून पितळेचा मुलामा दिलेले लोखंड असेल, तर त्याच वजनाला सुमारे ६५ ग्रॅम दिसतील, आणि लोहचुंबक त्याला चिकटून दुसरी साक्ष देईल. अ‍ॅल्युमिनियम असेल, तर आकडा १८९च्या आसपास जाईल. बत्त्यावर हवेचे बुडबुडे राहू नयेत, आणि वस्तू आतून पोकळ असू नये, एवढीच दक्षता.

आर्किमिडीजची कथा मुकुटातील भेसळीची आहे, हे सर्वांना ठाऊक असते. भेसळ पकडणारी तीच रीत देवघराशेजारच्या ओट्यावर दहा मिनिटांत करता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पितळ घडवणारा कारागीर पत्रा ठोकतो, मग भट्टीत तापवतो आणि पुन्हा ठोकतो. असे का, याचे उत्तर तांब्याच्या उघड्या तारेत आहे. ती तार एकाच जागी मागेपुढे वाकवावी. पहिल्यांदा ती सहज वाकते, नंतर ताठ होत जाते आणि शेवटी तुटते. ताठ झाली की थांबून, वडीलधाऱ्यांनी पकडीत धरून ती गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवावी व थंड होऊ द्यावी. ती पुन्हा मऊ झालेली आढळते. ठोक्याने धातूची अंतर्रचना विस्कटून तो कठीण होतो आणि उष्णतेने ती पुन्हा सावरते. हे कारागिराच्या हाताला शिकवल्याशिवाय कळत आले आहे.

नाद आणि ऊब

पितळी तांब्यावर लाकडी पळीने हलकेच टिचकी मारावी आणि त्यात थोडे थोडे पाणी वाढवत जावे. नाद खाली उतरत जातो, कारण थरथरणाऱ्या भिंतीवर पाण्याचा भार वाढतो. आता तोच तांब्या नळाखाली धरून भरावा. भरता भरता होणारा आवाज मात्र वर चढत जातो, कारण येथे पाण्यावरची हवा नादते आणि हवेचा स्तंभ आखूड होत जातो. भांडे एक, पाणी एक, आणि दोन नाद विरुद्ध दिशांना जाणारे. ऐकताना कोण थरथरते आहे, हे ओळखणे हीच येथील परीक्षा.

उष्णतेसाठी तांबे, पितळ, स्टील आणि लाकूड यांचे सारख्या लांबीचे चार चमचे घ्यावेत. प्रत्येकाच्या वरच्या टोकाला गोठलेल्या तुपाच्या टिपक्याने साबुदाण्याचा एकेक दाणा चिकटवावा आणि खालची टोके गरम पाण्यात उभी करावीत. दाणे गळून पडण्याचा क्रम तांबे, पितळ, स्टील असा येतो. लाकडावरचा दाणा बहुधा तसाच राहतो. पूर्वीच्या गृहिणी पितळेच्या भांड्याला लाकडी वा कापडी आधाराशिवाय हात का लावत नसत, हे त्या साबुदाण्याने सांगितलेले असते.

सामायिकाची घटिका

शहराच्या मध्यभागी खांब तलाव आहे आणि जिल्हाभर लहान-मोठे असंख्य तलाव पसरले आहेत. पाण्याच्या या प्रदेशात पाण्याने वेळ मोजण्याचा प्रयोग शोभून दिसतो. सामायिकाचा काल एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. आणि एक मुहूर्त म्हणजे दोन घटिका. घटिका मोजण्यासाठी आपल्या पूर्वजांनी तळाला बारीक छिद्र असलेले भांडे पाण्यावर तरंगत सोडले. ते भरून बुडाले, की एक घटिका झाली.

हे घटिकापात्र घरी करण्यास सरळ भिंतींचा रिकामा पत्र्याचा डबा पुरतो. तळाला बारीक सुईने, एक मिलिमीटरहून लहान, छिद्र पाडावे. डबा उभा तरंगावा म्हणून तळाशी छिद्र सोडून काही नाणी ठेवावीत आणि तो गाळलेल्या पाण्याच्या बादलीत सोडावा. किती मिनिटांत बुडतो, ते घड्याळावर पाहावे. लवकर बुडाला, तर एखादे नाणे काढावे. उशीर झाला, तर एक वाढवावे. दोन-तीन दिवसांच्या जुळवणीने तो २४ मिनिटांवर आणता येतो.

यात एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. छिद्रातून गळणाऱ्या भांड्यात पाणी कमी होत जाते तशी धार मंदावते. म्हणून नुसत्या गळतीने वेळ मोजल्यास शेवटची मिनिटे लांबतात. तरंगत्या डब्यात मात्र बाहेरच्या आणि आतल्या पातळीतील अंतर शेवटपर्यंत जवळजवळ तेवढेच राहते, कारण ते डब्याच्या वजनावर अवलंबून असते. त्यामुळे पाणी एकसारख्या वेगाने आत येते. मुलाने डब्याच्या आत दर सेंटीमीटरवर खुणा करून प्रत्येक खुणेला लागणारा वेळ लिहिला, तर ही समानता त्याच्या स्वतःच्या आकड्यांत दिसेल. प्रयोगानंतर ते पाणी झाडांना घालावे.

पाणी गाळण्याचे दुहेरी कापड तर जैन घरात असतेच. काठोकाठ भरलेल्या पेल्यावर ते ओले कापड ताणून घट्ट धरावे आणि पेला झटकन उलटा करावा. ज्या कापडातून पाणी सहज गाळले जाते, त्याच कापडातून ते आता खाली येत नाही. बाहेरच्या हवेचा दाब त्याला वर पेलतो, आणि विणीच्या प्रत्येक छिद्रावर ताणलेला पाण्याचा पडदा हवेला आत शिरू देत नाही. बोटाने कापड जरा सैल केले, की हवा आत जाते आणि पाणी ओघळते.

भंडाऱ्याचा सूर्य

चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्ताची वेळ भिंतीवरच्या कोष्टकात पाहिली जाते. ते कोष्टक मुंबईसाठी तयार केलेले असेल, तर भंडाऱ्यात ते उपयोगी नाही. पृथ्वी एक अंश फिरण्यास चार मिनिटे घेते. मुंबई ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि भंडारा सुमारे ७९.६५ वर. म्हणून भंडाऱ्याचा सूर्य मुंबईच्या आधी साधारण २७ मिनिटे उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. अक्षांशातील फरकामुळे ऋतूनुसार यात तीन-चार मिनिटे कमी-अधिक होतात. मुंबईचे कोष्टक लावून चालणारे घर नकळत सूर्यास्तानंतर जेवत राहील. नवकारशीही उगाच लांबेल.

हे पडताळण्यास एक सरळ काठी पुरते. गच्चीवर ती ओळंब्याने उभी करावी आणि सकाळी साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. सर्वांत आखूड सावली म्हणजे त्या गावची खरी दुपार. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची असल्याने ती घड्याळाच्या बाराला क्वचितच पडते. भंडारा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २१.२ अंशांवर असल्यामुळे मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो. मेमधील त्या दिवशी बारा वाजून सुमारे आठ मिनिटांनी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत बहुधा ढग असतात; म्हणून मेचा योग चुकवू नये. सरळ भिंतींचा पितळी डबा उन्हात ठेवला, तर त्या क्षणी त्याची सावली त्याच्याच तळाखाली लपते.

तुमसरहून पवनीपर्यंत

भंडाऱ्याच्या उत्तरेस तुमसर तालुका आहे. तेथील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी प्रसिद्ध आहेत. डोंगरी बुजुर्गच्या खनिजातील मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या कोरड्या सेलसाठी वापरले जात आले आहे. विजेचा सेल घरी करून पाहताना पुस्तके सहसा बटाटा सुचवतात. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्या घरी लिंबू तेच काम करते. लिंबात तांब्याच्या तारेचा तुकडा आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा एकमेकांना न लागतील असे खोचावेत. एका लिंबातून सुमारे ०.९ व्होल्ट मिळतात. तीन-चार लिंबे तारेने एकामागोमाग जोडली, की लाल रंगाचा लहान एलईडी मंदपणे उजळतो. तांबे आणि जस्त, म्हणजे पितळेचेच दोन घटक, येथे वेगळे राहून वीज देतात. वापरलेली लिंबे मात्र खाऊ नयेत.

दक्षिणेस पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्दचे धरण आहे. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणाला ३३ दरवाजे आहेत. धरण पाहून आलेली मुले घरी प्लास्टिकच्या बाटलीला वर, मध्ये आणि खाली अशी तीन छिद्रे पाडतात. अनेक चित्रांत सर्वांत खालची धार सर्वांत दूर पडलेली दाखवतात. बाटली जमिनीवर ठेवून, पाण्याची पातळी कायम राखून करून पाहिले, तर सर्वांत दूर जाते ती मधली धार. पाण्याच्या उंचीच्या पाव आणि पाऊण भागावरची छिद्रे असतील, तर त्या दोन्ही धारा एकाच जागी पडतात. खालची धार जोरात निघते हे खरे, पण जमिनीला टेकण्यापूर्वी तिला वेळच मिळत नाही. हीच बाटली तिच्या उंचीपेक्षा उंच स्टुलाच्या कडेला ठेवली, की खालची धार पुढे जाते. चित्र खोटे नव्हते. ते कोणत्या अटीवर खरे आहे, हे त्याने सांगितले नव्हते. अमुक अपेक्षेने ते खरे, तमुक अपेक्षेने नाही, अशी दृष्टी ज्या परंपरेने जगाला दिली, त्या परंपरेतील मुलाला हे समजण्यास कठीण जाऊ नये.

ही वाट नवी नाही

स्वस्त साधनांनी विज्ञान शिकवण्याची वाट या भूभागाला परिचित आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा ग्रामीण शाळांत १९७२ साली प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. त्या कार्यातून प्रेरणा घेतलेले अरविंद गुप्ता पुढे पुण्याच्या आयुका संस्थेत आले आणि काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या अशा टाकाऊ वस्तूंतून त्यांनी शेकडो वैज्ञानिक खेळणी घडवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नागपुरात 'अपूर्व विज्ञान मेळा' भरतो. तेथे महानगरपालिकेच्या शाळांतील मुले साध्या वस्तूंनी प्रयोग करून येणाऱ्यांना ते समजावून सांगतात. भंडाऱ्याहून तो प्रवास जेमतेम दीड-दोन तासांचा आहे.

जैन समाजाला तर या विषयात आपलेच एक मोठे नाव आहे. अहमदाबादच्या जैन गिरणीमालक कुटुंबात १२ ऑगस्ट १९१९ रोजी जन्मलेले विक्रम साराभाई यांनी अवकाश संशोधनाचा पाया घातला, हे सर्वश्रुत आहे. त्याच साराभाईंनी मुलांना व शिक्षकांना स्वतः प्रयोग करता यावेत म्हणून १९६०च्या दशकात अहमदाबादेत सामुदायिक विज्ञान केंद्र उभारले. रॉकेटचा विचार करणाऱ्या माणसाला शाळकरी मुलाच्या हातातील प्रयोगही तेवढाच महत्त्वाचा वाटला.

भंडारा, तुमसर, साकोली येथील पाठशाळांत सुटीच्या दिवशी असा एक तास ठेवता येण्याजोगा आहे. खर्च एका काट्याचा, एका सिरिंजचा आणि चार लिंबांचा. भौतिकशास्त्राच्या प्रयोगात कोणत्याही जीवाला इजा करावी लागत नाही, ही मोठीच जमेची बाजू. ज्योतीचे प्रयोग दिवसा करावेत, म्हणजे दिव्यावर पतंग झेपावणार नाहीत. पाणी गाळून आणि बेताने घ्यावे. आजोबांनी टिचकी मारून धातू सांगावा आणि नातवाने तो पाण्यात तोलून पडताळावा. कधी आजोबांचा कान बरोबर ठरेल, कधी काटा. दोन्ही वेळी घरातील जुने ज्ञान वहीत उतरेल.

शहराबाहेर कारध्याच्या पुलावरून वैनगंगा पाहताना पितळेचे शहर मागे राहते. त्या शहराचा जुना व्यापार पूर्ववत होईल की नाही, हे बाजार ठरवील. पण देताना आणि घेताना माप एकच असावे, आणि जे नाव सांगितले तीच वस्तू असावी, हे गादीवर बसणाऱ्या पुढच्या पिढीने स्वतःच्या हाताने पडताळून शिकावे, हे मात्र घरानेच ठरवायचे आहे.